दोन मेंटेनर, एक ब्रँच आणि मध्ये अडकलेला पोरगा

पत्र

दादा, नमस्कार. मी चोपड्याची. पुण्यातल्या कंपनीची नोकरी घरूनच करते आणि गेली काही वर्षं एका मोठ्या ओपन सोर्स (सगळ्यांना कोड खुला असलेल्या) प्रकल्पात भारतीय लिप्यांच्या मांडणीचा भाग सांभाळते. जोडाक्षरं, मात्रा, रफार आपापल्या जागी पडणं हे माझ्याकडे. गाभ्याचा भाग अमेरिकेतल्या एका ज्येष्ठ मेंटेनरकडे, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याकडे, आहे. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण आमचं आता जमेनासं झालंय. मी म्हणते कमिट (कोडमधल्या बदलाची एकेक नोंद) लहान असावेत, प्रत्येक कमिटवर बिल्ड चालावी, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार व्हावा, आणि मालिका आहे तशी मर्ज व्हावी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळावी. ते सगळं स्क्वॉश करून एकच कमिट करतात. मध्यंतरी त्यांनी आमची सामायिक ब्रँच (कोडची समांतर शाखा) रीबेस करून, म्हणजे तिचा इतिहास नव्याने रचून, फोर्स पुश केली, म्हणजे जुन्या ब्रँचवर जबरदस्तीने चढवली, आणि माझं त्यावर उभं असलेलं काम विस्कटलं. नंतर मला एक इंटरफेस (दोन भागांचा कोड जोडणारा दुवा) बदलायचा होता, तो त्यांच्या फोल्डरमध्ये आहे. दोन आठवडे उत्तर आलं नाही म्हणून मी मर्ज केलं, तर तासाभरात त्यांनी ते रिव्हर्ट केलं, म्हणजे मागे घेतलं. कारण एवढंच लिहिलं की माझ्या भागाला हात लावू नका. रिलीजसाठी फ्रीझ झाल्यावर, म्हणजे नवे बदल घेणं थांबल्यावर, मात्र त्यांचे स्वतःचे बदल आत जातात.

यात शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक विद्यार्थी भरडला गेला. रफाराची एक जुनी चूक त्याने छान दुरुस्त केली होती. मी म्हटलं तीन कमिट कर, ते म्हणाले एक कर. कित्येक महिने तो इकडून तिकडे फिरला आणि शेवटी 'जाऊ द्या मॅडम' म्हणत पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशी विनंती) बंद करून गेला. पाच जणांची समिती आहे, ती म्हणते तुम्ही दोघं मिळून ठरवा. कॉल रात्री अकराला असतो. मी सगळं पुराव्यांसकट लिहून एक मोठी पोस्ट तयार ठेवली आहे. टाकू का? की सोडून देऊ? आई विचारते, ज्याचा पगार मिळत नाही त्यासाठी रात्री रडतेस कशाला? मन्हं काय चुकनं, ते सांगा.

एक मेंटेनर, चोपडा

उत्तर

ताई,

पोस्ट टाकू नका. सोडूनही देऊ नका, निदान ही रिलीज होईपर्यंत तरी. आणि हे वाचून झालं की आधी शिरपूरच्या त्या मुलाला फोन करा. बाकीचं उद्या केलं तरी चालेल.

त्याच्यापासून सुरुवात करायला सांगतो, कारण तुमच्या वादात त्याचं काहीच चुकलं नव्हतं आणि नुकसान सगळ्यात जास्त त्याचं झालं. त्याला बहुतेक वाटत असेल की आपल्यालाच जमलं नाही, ही आपली जागा नव्हे. शिरपूर, शहादा, पाचोऱ्याहून पहिला पॅच पाठवणाऱ्या पोराच्या पाठीशी ना मोठी कंपनी असते ना ओळखीतला कुणी सीनियर. तो एकदा परत गेला की सहसा पुन्हा येत नाही, आणि त्याचं बघून जे दोघं-चौघं येणार होते तेही येत नाहीत. त्याला सरळ सांगा की तुझी दुरुस्ती बरोबर होती, आमचं आमच्यात ठरलेलं नव्हतं आणि त्याचा त्रास तुला झाला, माफ कर. मग त्याचे कमिट तुम्ही स्वतः उचला, हवे तसे नीट करा आणि लेखक म्हणून नाव त्याचंच ठेवा. गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, कोड लिहिणारा आणि कमिट करणारा यांच्या नोंदी वेगळ्या असतात, त्या अशाच प्रसंगासाठी. दुरुस्ती तुमच्या भागातली आहे, तुम्ही ती मर्ज करू शकता. एक कमिट की तीन, हा प्रश्न त्याच्यापर्यंत पुन्हा जाता कामा नये.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्हाला हे एक भांडण वाटतंय, कारण समोरचा माणूस एकच आहे. मी पत्र दोनदा वाचलं, मला त्यात तीन भांडणं दिसली. कमिटचा इतिहास कसा असावा हे पहिलं. एकाच्या भागातला बदल दुसऱ्याला लागतो तेव्हा काय करायचं हे दुसरं. फ्रीझनंतर आत काय जाऊ द्यायचं हे तिसरं. तिन्ही एकत्र धरली की उत्तर एकच उरतं, 'हा माणूसच असा', आणि त्याच्यावर कुणाकडेच उपाय नसतो. सुटी केली तर पहिल्यात तुम्ही दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहात, दुसऱ्यात तुमची चूक आहे आणि तिसऱ्यात त्यांची.

पहिल्यातलं सोपं आधी. सामायिक ब्रँच रीबेस करून फोर्स पुश करणं चुकीचं होतं, यात मतभेदाला जागा नाही. गिटमध्ये प्रत्येक कमिटची ओळख त्यातल्या मजकुरावरून जशी ठरते, तशीच त्याच्या आधीच्या कमिटच्या ओळखीवरूनही ठरते. खालचा एक बदलला की वरचे सगळे नवे होतात, जरी कोड अक्षर न् अक्षर तोच असला तरी. ज्याने जुन्या कमिटवर काम उभं केलंय त्याला मग तोच बदल दोनदा दिसतो, भलत्याच ठिकाणी कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, येतात, आणि झालेली चाचणी नेमक्या कोणत्या कोडवर झाली होती हे छातीठोक सांगता येत नाही. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, मेंटेनरांसाठी जी कागदपत्रं आहेत त्यांतही हेच सांगितलंय: स्वतःच्या मशीनवर आहे तोवर इतिहास हवा तसा बदला, जगासमोर गेल्यावर सहसा बदलू नका. हा मुद्दा त्यांच्याशी वाद घालून जिंकायचा नाही. समितीला सांगून मुख्य आणि सामायिक ब्रँचवर फोर्स पुश बंद करून घ्या, सेटिंगमध्ये एक खूण करायची असते. मग उद्या घाईगर्दीत तुमच्या हातूनही ते होणार नाही.

स्क्वॉशचं मात्र तसं नाही. तिथे त्यांची बाजू मला समजते. नवी मंडळी पुल रिक्वेस्टमध्ये 'दुरुस्ती', 'पुन्हा दुरुस्ती', 'रिव्ह्यूप्रमाणे बदल' असे आठ-दहा कमिट आणून ठेवतात. तो पसारा मुख्य ब्रँचमध्ये जसाच्या तसा गेला तर दोन वर्षांनी वाचणाऱ्याला काही कळत नाही, आणि बदल मागे घ्यायचा झाला तर कमिट शोधत बसावं लागतं. ते स्क्वॉश करतात ते या अनुभवातून. तुमची बाजूही तितकीच खरी. गिट बायसेक्टने चूक शोधताना दर वेळी निम्मे कमिट बाद होतात, म्हणजे हजार कमिटांतून दोषी कमिट साधारण दहा पावलांत सापडतो. पण सापडलेला कमिटच दोन हजार ओळींचा असेल तर त्या शोधाने हाती काय लागलं? आणि मधला एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर शोध तिथेच अडखळतो. म्हणून तुमचा आग्रह प्रत्येक कमिटवर बिल्ड चालण्याचा, तो सोडू नका.

दोन्ही बाजू सांभाळणारा नियम लिहिणं अवघड नाही. मालिकेतला प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड होतो, चाचण्या पास होतात आणि त्याचा संदेश वाचून तो का केला हे समजतं, असं असेल तर मालिका तशीच मर्ज व्हावी. यातलं एक जरी नसेल तर स्क्वॉश. एखादी मालिका कोणत्या प्रकारात बसते हे ज्या भागात ती जाते त्याच्या मेंटेनरने ठरवावं, आणि पहिल्या रिव्ह्यूतच सांगावं. दुसऱ्या मेंटेनरने त्या बाबतीत कोड पाठवणाऱ्याला वेगळी सूचना देऊ नये. एवढं लिहिलेलं असतं तर शिरपूरचा मुलगा आज तुमच्याबरोबर काम करत असता. सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) प्रत्येक कमिट सुटा बिल्ड करून पाहायची सोय करता आली तर फारच उत्तम, कारण मग 'बसतो की नाही' हे मशीन सांगेल आणि तुम्हाला एकमेकांना सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या भांडणावर मला जास्त बोलायचंय, कारण मोठ्या प्रकल्पांत खरी ठिणगी तिथेच पडते. आपापल्या भागात प्रत्येक जण शहाण्यासारखा वागतो. कटकट होते ती दोन भाग जिथे एकमेकांना लागतात तिथे, आणि तिथलाच नियम कुणी लिहिलेला नसतो.

तुम्ही दोन आठवडे वाट पाहिलीत, उत्तर नाही, म्हणून मर्ज केलंत. ताई, हे चुकलं. उत्तर न येण्याला होकार मानता येतो, पण तसं आधी ठरलेलं असेल तरच. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत अशी पद्धत आहे: प्रस्ताव मांडायचा, साधारण ७२ तास थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर सहमती समजायची. तिथे ते चालतं, कारण गप्प बसलेल्यालाही आपल्या गप्प बसण्याचा अर्थ माहीत असतो. तुमच्या सहकाऱ्याला तो माहीत नव्हता. त्याच्या दृष्टीने त्याच्या गैरहजेरीत कुणीतरी त्याच्या घरात शिरलं. त्याने तासाभरात रिव्हर्ट केलं याचा तुम्हाला राग आला, ते समजतं. पण सुरुवात कुणी केली हे समितीने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही, आणि हे तुम्ही त्यांना आपणहून सांगितलंत तर पुढचं बोलणं फार सोपं जाईल.

त्यांचंही उत्तर अपुरं होतं. 'माझ्या भागाला हात लावू नका' हे कारण होत नाही. अपाचेमध्येच कोडबदलावर एखाद्याने नकाराधिकार वापरला तर त्यासोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसलेला नकार धरला जात नाही. तुमच्याकडेही हे हवं. आणखी एक फरक करायला हवा. त्यांच्या फोल्डरमधला कोड बदलणं वेगळं, आणि त्यांचा इंटरफेस आपल्या फोल्डरमधून वापरणं वेगळं. लिनक्स कर्नलमध्ये २०२५ च्या सुरुवातीला याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. डीएमए (उपकरणांनी मेमरी थेट वापरण्याची सोय) या भागाचे मेंटेनर क्रिस्टोफ हेलविग यांनी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका कोडला ठाम विरोध केला. तो कोड त्यांच्या फोल्डरमध्ये नव्हता, त्यांचा इंटरफेस वापरणारा होता. फेब्रुवारीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी निकाल दिला तो साधारण असा: ज्याला रस्टशी संबंध ठेवायचा नाही त्याच्यावर सक्ती नाही, पण त्याचा इंटरफेस बाहेर कोण वापरतं यावर त्याचा ताबा राहणार नाही. ही रेघ मला योग्य वाटते. आपल्या भागात शेवटचा शब्द आपला, पण तो भाग जिथे संपतो तिथे तो शब्दही संपतो.

आता हद्दीवरचा बदल प्रत्यक्षात करायचा कसा? आपल्याकडचीच एक गोष्ट सांगतो. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, आणि तिकडे बागलाणात मोसम-आरमच्या काठी, फड पद्धतीचं सिंचन कित्येक पिढ्या चालत आलंय. नदीवर बंधारा, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यात मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती गोष्ट अशी की शेतकरी स्वतः आपल्या शेतात पाणी वळवत नाही. ते काम पाटकऱ्याचं. पाटकऱ्यांवर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि नियम सगळ्यांनी मिळून नेमलेल्या पंचांचे. ज्याचं पीक सुकतंय त्याच्याच हातात पाणी दिलं तर रोज डोकी फुटतील, हे त्या लोकांना पक्कं कळलं होतं. तुमच्या प्रकल्पात पाणी वळवायचा हक्क फक्त तुम्हा दोघांकडे आहे. ज्याला घाई आहे तो मर्ज करतो, ज्याला राग आला तो रिव्हर्ट करतो. दोन्ही भागांना लागणारा बदल तुमच्यापैकी कुणीच मर्ज करू नये, तिसऱ्याने करावा.

हा तिसरा म्हणजे तुमच्या समितीतला कुणी एक, एका रिलीजपुरता, पुढच्या रिलीजला दुसरा. रीत अशी ठेवता येईल. इंटरफेसमधला बदल मागच्या रिलीजच्या टॅगवरून (त्या वेळच्या कोडवर ठेवलेल्या खुणेवरून) काढलेल्या छोट्या वेगळ्या ब्रँचवर करायचा, त्यात फक्त तेवढंच. दोघांनी रिव्ह्यू करायचा. दोघांचं झालं की तिसरा ती ब्रँच गोठवतो, त्यानंतर त्यात एक ओळही बदलायची नाही. मग ती तुम्हीही आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करायची आणि त्यांनीही. कमिट दोन्हीकडे तेच असल्यामुळे पुढे दोन ब्रँच एकत्र येतात तेव्हा गिटला ते आधीच आत आहेत हे कळतं आणि कॉन्फ्लिक्ट येत नाही. कर्नलचे मेंटेनर एकमेकांत अशाच न बदलणाऱ्या ब्रँच देतात-घेतात. तुम्ही इंटरफेस बदलून लगेच त्यावर लिपीचा कोड रचला आणि सगळं एकत्र पाठवलं असेल, तर त्यांना त्यातला आपल्याशी संबंधित भाग शोधणंही कठीण गेलं असेल. लहान ब्रँच असली की दोन आठवड्यांचा रिव्ह्यू दोन दिवसांवर येतो.

याला एकत्रीकरणाच्या ब्रँचची जोड द्या. कर्नलमध्ये स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये लिनक्स-नेक्स्ट सुरू केलं. वेगवेगळ्या मेंटेनरांच्या शेकडो ब्रँच तिथे नेमाने एकत्र करून पाहिल्या जातात, आणि दोघांचे बदल एकमेकांवर येत असतील तर ते मुख्य कोडमध्ये जायच्या आधीच उघडकीला येतं. ही ब्रँच कुणी पायाभूत धरत नाही, ती पुन्हा पुन्हा नव्याने बांधली जाते. तुमचा प्रकल्प तेवढा मोठा नसेल, पण रोज रात्री तुमची आणि त्यांची ब्रँच मर्ज करून चाचण्या चालवणारं काम सीआयवर लावणं एका शनिवारचं आहे. कॉन्फ्लिक्ट पहिल्याच रात्री दिसला तर तो दहा मिनिटांत सुटतो. तोच रिलीजच्या आदल्या दिवशी दिसला की माणसं एकमेकांवर ओरडतात. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिटने लक्षात ठेवावा म्हणून दोघांनीही गिटमधलं रेरेरे चालू करा.

कोणता फोल्डर कुणाचा ही यादी तुमच्याकडे फाइलमध्ये असेलच, पण एका फोल्डरपुढे एकच नाव असेल तर ती यादीच अडथळा होते. तो माणूस आजारी पडला, सुट्टीवर गेला, रुसला, की काम थांबतं. प्रत्येक भागापुढे किमान दोन नावं हवीत आणि दोघांपैकी एकाचा होकार पुरायला हवा. सात दिवसांत उत्तर नाही तर दुसऱ्याला विचारायचं, त्याचंही नाही तर त्या तिसऱ्याकडे जायचं. हे लिहून ठेवा. तुमच्या भागापुढेही, ताई. तुम्ही एकट्या आहात हे मला पत्रावरून दिसतंय.

तिसरं भांडण थोडक्यात. फ्रीझनंतर फक्त चुकांची दुरुस्ती, नवं काही नाही, आणि हा नियम ज्येष्ठांनाही लागू. बीकॅशएफएसचं उदाहरण त्यांच्यासमोर ठेवा. ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याची व्यवस्था, कर्नलच्या ६.७ आवृत्तीत आली. तिचे लेखक केंट ओव्हरस्ट्रीट हुशार माणूस, कोड मनापासून जपणारा. पण कर्नलमध्ये नवं काम घ्यायची खिडकी दोन आठवड्यांची असते, आणि ती बंद झाल्यावरही ते नवे बदल पाठवत राहिले. वापरणाऱ्यांचा डेटा वाचवायला हे लागतंच, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तरी प्रकरण वाढत गेलं आणि ६.१८ मध्ये ती फाइल सिस्टीम कर्नलमधून काढून टाकण्यात आली. इतकं चांगलं काम वेळ पाळण्यावरून बाहेर जावं याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या सहकाऱ्यावर ती पाळी यावी असं तुम्हालाही वाटत नसणार. नियमाला अपवाद लागतात, तेव्हा अपवाद मागायची जागा ठरवा: फ्रीझनंतरचा कोणताही बदल दुसऱ्या भागाच्या मेंटेनरच्या होकाराशिवाय जाणार नाही. म्हणजे त्यांच्या बदलाला तुमचा होकार लागेल आणि तुमच्या बदलाला त्यांचा.

पोस्टबद्दल मी सुरुवातीलाच नाही म्हटलं, त्याचं कारण त्याच रस्टच्या वादात आहे. ॲपलच्या नव्या संगणकांवर लिनक्स चालवणाऱ्या असाही प्रकल्पाचे हेक्टर मार्टिन त्या वादात उतरले आणि सोशल मीडियावरून दबाव आणण्याची भाषा झाली. टोरवाल्ड्स यांनी त्यांनाच सुनावलं. त्यांनी कर्नलमधलं मेंटेनरपद सोडलं आणि काही दिवसांत असाही प्रकल्पाचं नेतृत्वही सोडलं. ज्या बाजूसाठी ते भांडत होते त्या बाजूने निकाल त्याच महिन्यात लागला, आणि हा माणूस मात्र तिथे उरला नाही. तुमची पोस्ट पुराव्यांसकट आहे म्हणता. मग ते पुरावे समितीच्या कामाचे आहेत. पोस्ट पडली की समिती तुमच्या मुद्द्यांवर बोलणार नाही, पोस्टवर बोलेल, आणि तुमच्या सहकाऱ्याला माघार घ्यायची वाट उरणार नाही. चारचौघांत कोंडीत पकडलेला माणूस बरोबर असलेली गोष्टही मान्य करत नाही. आपल्या भाऊबंदकीत हे तुम्ही पाहिलं असेल.

पोस्ट पुसू नका, तिचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात काय झालं, त्याने काम कसं अडलं आणि पुढे काय नियम हवा, एवढंच. विशेषणं गाळा. 'नेहमी', 'मुद्दाम', 'जाणूनबुजून' हे शब्द शोधून काढून टाका, कारण त्यांच्यावरच वाद होतो. तीन तुकडे, प्रत्येक अर्ध्या पानाचा.

पण समितीकडे पाठवायच्या आधी त्यांच्याशी एकदा बोला, फक्त दोघं, लिहून नाही तर तोंडी. वेळ तुम्ही सुचवा. तुमची सकाळ आणि त्यांची आदल्या दिवसाची संध्याकाळ जुळते. रात्री अकराचा कॉल अमेरिकेतल्या लोकांच्या सोयीचा आहे, आणि दिवसभराची नोकरी, चोपड्याचा उन्हाळा आणि त्यात गेलेली लाइट यांनी थकलेलं माणूस अकरा वाजता समजूतदारपणे बोलू शकत नाही. समितीलाही सांगा की कॉलची वेळ एक महिना तुमच्या सोयीची आणि एक महिना त्यांच्या सोयीची अशी फिरती ठेवा. ही मागणी करताना संकोच नको.

त्या बोलण्यात पहिलं वाक्य तुमच्या मर्जबद्दलचं असू द्या: तुमच्या फोल्डरमध्ये मी विचारल्याशिवाय मर्ज केलं, ते करायला नको होतं. मग विचारा की तुम्ही स्क्वॉश का करता, कशाचा त्रास झाला होता? आणि खरंच ऐका. इतकी वर्षं एक भाग सांभाळणाऱ्या माणसाकडे प्रत्येक सवयीमागे कधीतरी रात्र जागवलेला एखादा बग असतो. त्यानंतर शिरपूरच्या मुलाचं सांगा, आरोप म्हणून नाही, दोघांचं नुकसान म्हणून. मला वाटतं तिथे ते तुमच्या बाजूला येतील. मेंटेनर कितीही तिरसट असला तरी चांगला कोड पाठवणारा माणूस हातचा गेल्याचं दुःख त्याला कळतं.

नियम कायमचे म्हणून मांडू नका. पुढच्या एका रिलीजपुरते करून पाहू आणि नंतर दोघं बसून बदलू, असं म्हणा. समितीकडे मग तुमच्या दोघांच्या नावाने एक पान जाईल. तिने 'तुम्ही ठरवा' म्हणायला हरकत नव्हती, फक्त नाही ठरलं तर काय, हे तिने सांगितलं नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात २०१८ च्या जुलैत गीडो व्हान रॉसम यांनी शेवटचा शब्द देण्याची जबाबदारी सोडली तेव्हा त्या लोकांना आधी निर्णय घ्यायचा कसा हेच ठरवावं लागलं. त्याच वर्षाअखेर त्यांनी निवडून द्यायच्या पाच जणांच्या सुकाणू मंडळाची पद्धत स्वीकारली. तुमच्याकडे पाच जण आधीच आहेत. त्यांना एवढंच विचारा: दोन मेंटेनरांचं एखाद्या गोष्टीवर चौदा दिवसांत जमलं नाही तर तुम्ही किती दिवसांत निकाल द्याल? आकडा लिहून घ्या. आणि निकाल म्हणजे सगळ्यांचा आनंद नव्हे, हेही त्यांना पटवा. इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ढोबळ सहमतीवर काम चालतं. २०१४ च्या आरएफसी ७२८२ या तिथल्या दस्तऐवजात तिचा अर्थ नीट समजावलाय: प्रत्येक हरकतीचा विचार होऊन तिला उत्तर मिळालं पाहिजे, प्रत्येक हरकत मान्य झालीच पाहिजे असं नाही. तुमच्या विरुद्ध निकाल लागला तर तोही पाळायची तयारी ठेवा.

आईंचा प्रश्न मी बाजूला टाकत नाही. त्यांना दाखवा की त्यांच्या मोबाइलवर मराठी अक्षरं नीट दिसतात त्यामागे तुमच्यासारख्या लोकांचं काम असतं. पण रडू येईपर्यंत एकटीने ओढू नये, हे त्यांचं बरोबर आहे. सोबतीला दुसरा मेंटेनर तयार करा. घाईत मात्र नको. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या, फाइली आकसून लहान करणाऱ्या, छोट्याशा लायब्ररीत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. तिथला एकटा, थकलेला मेंटेनर आणि त्याच्यावर आलेला दबाव यांचा फायदा घेऊन कुणीतरी दोन-अडीच वर्षं गोड वागून विश्वास मिळवला होता. आधी रिव्ह्यूची जबाबदारी द्या, मग काही महिन्यांनी मर्जची, रिलीजच्या किल्ल्या सगळ्यात शेवटी. शिरपूरचा मुलगा परत आला आणि वर्षभर टिकला तर तुमच्या यादीतलं दुसरं नाव तो असू शकतो.

हे सगळं करूनही एका रिलीजनंतर काहीच हललं नाही, समितीने तारीख दिली नाही, फोर्स पुश चालूच राहिला, तर सोडा. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. पण एका रात्रीत गायब होऊ नका. कर्नलच्या मेंटेनरांच्या यादीत प्रत्येक भागापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते: सांभाळला जातोय, जमेल तशी दुरुस्ती होते, किंवा अनाथ आहे. तुमच्या यादीतही अशी नोंद सुरू करा. आधी 'जमेल तशी दुरुस्ती' लिहा, उघड्या पुल रिक्वेस्टची यादी करून प्रत्येकीवर शेवटचं मत लिहा, कुणाला काय सांगितलं होतं ते नोंदवा, आणि लिप्यांच्या चाचण्या कशा चालवायच्या याचं एक पान मराठीत आणि इंग्रजीत ठेवून द्या. मग आपलं नाव काढणारा कमिट करा. त्याच्या संदेशात कारण दोन ओळींत, कुणाचं नाव न घेता.

तुमचा,
दादा